डावा पीळ

गुरुवारी भर दुपारी डेसाला पान्हा फुटला तेव्हा ती ओकाटी नदीवरच्या पुलाच्या मधल्या गाळ्यावर कमरेत वाकून सळया बांधत होती. खाली गढूळ पाणी, वर ऑगस्टचं ऊन, आणि मध्ये सळयांची जाळी. लोखंड इतकं तापलेलं की हातमोज्यातूनही चटका बसायचा. कडेच्या ओळीत प्रत्येक फुलीवर गाठ, आतल्या भागात एक सोडून एक. तार ओढायची, फुलीखालून वर काढायची, पकडीत धरायची, पिळायची, कापायची. सकाळपासून किती गाठी झाल्या याचा हिशेब कमरेलाच ठाऊक होता.

शर्टावर दोन ओले डाग पडले तशी तिने पकड छातीशी आडवी धरली. क्रेनजवळ कंपनीची दोन माणसं उभी होती. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं.

"ए डेसा," शेजारच्या ओळीतून ल्यूटीआत्या मान वर न करता म्हणाली, "काँक्रीटच्या गाड्या शनिवारी यायच्यात. तू आजच ओतायला लागलीस होय?"

"गप गं आत्या."

"मी गप्प बसते. पोरगी बसेल का? जा, पाजून ये."

डेसाने पलीकडे आईकडे पाहिलं. व्हर्लीनने नुसती हनुवटी हलवली. जा. तेवढ्यातही तिचे हात थांबले नव्हते. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघ्यांत वंगण उरलेलं नाही, पण वाकली की सूर्य कलेपर्यंत उठायची नाही. तारेची रीळ उजव्या कमरेला, पकड डाव्या हातात. चौघांचंही तसंच होतं, व्हर्लीनचं, ल्यूटीआत्याचं, डेसाचं आणि म्हाताऱ्या सीफसचं. खरं तर चौघांतलं कुणीच डावखुरं नव्हतं. डावखुरा होता व्हर्लीनचा बाप, ओझेल. त्याने लेकीला सळई बांधायला शिकवलं ते आपल्या हाताने, आणि तिने पुढे सगळ्यांना. जेवायचं उजव्या हाताने, पण पिळायचं डाव्याने, डावीकडे. इतरांच्या गाठी एका बाजूला वळलेल्या आणि यांच्या बरोब्बर उलट्या. पुलावरचे लोक त्याला 'मॅब्रींचा उलटा पीळ' म्हणून हसायचे.

नदीकाठच्या पिकॅनच्या झाडाखाली जुनी निळी पिकअप उभी होती. आत डेसाचा बाप होझिया, आणि त्याच्या चालत्या हातावर पाच महिन्यांची नोला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून होझियाची उजवी बाजू त्याची राहिली नव्हती. पण डाव्या हातावर नात अशी धरायचा, जसं काही काठोकाठ भरलेलं भांडं.

"रडली?"

होझियाने मान हलवली. मग गालाला एका बाजूने हसू आलं. म्हणजे रडली, पण फार नाही.

डेसा दाराच्या सावलीत खाली बसली आणि पोर अंगाशी घेतली. हाताला सळईचा गंज होता, तो बाळाच्या लंगोटाला लागला. वर दारावर लोहचुंबकाची पाटी चिकटलेली: मॅब्री सळई बांधणी, मालक व्हर्लीन मॅब्री. दर शनिवारी व्हर्लीन दोन्ही दारांवरच्या पाट्या काढून पुसायची आणि पुन्हा तिथेच लावायची. गाडीचा निळा रंग उन्हाने पार विटला होता, राखेसारखा. पाटी निघाली की खाली चौकोनभर निळं मात्र नव्यासारखं.

सरकारी रस्ता किंवा पूल बांधायचा तर त्यातला एक वाटा बायकांच्या, काळ्यांच्या कंपन्यांना द्यायचा, असा तिथे नियम होता. आजवर जे दाराबाहेरच उभे राहिले त्यांना आत घ्यायचं म्हणून. त्यासाठी सरकारी दाखला लागायचा. व्हर्लीनने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुलांवर वाकून काढली होती. दाखला मिळाला सहा वर्षांपूर्वी, आणि तो काचेत घालून तिने स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी टांगला होता. तिथल्याच खिडकीच्या फळीवर काँक्रीटचं एक ढेकूळ होतं, पावाएवढं. वसंतातल्या पुरात ओकाटीवरचा जुना पूल गेला, त्याचे तुकडे उपसत होते तेव्हा तिने ते उचलून आणलेलं. त्यातून सळईचं टोक आलं होतं आणि त्यावर गंजकी तार. पीळ डावा. त्या पुलावर तिच्या बापाने दोन उन्हाळे काम केलं होतं. त्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, त्या तारेत तेवढं होतं.

डेसा परत वर आली तेव्हा पुलाच्या तोंडाशी पांढरीशुभ्र गाडी थांबली होती. मुख्य ठेकेदार कंपनीचा साहेब डॉयल सॅटरफील्ड खिडकीवर कोपर टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता. व्हर्लीनहून पंधरा वर्षांनी लहान.

"व्हर्लीन, मधला गाळा आज उरकेल ना तुझा?"

"संध्याकाळपर्यंत, डॉयल साहेब."

"छान. शनिवारी स्लॅब घालून टाकतो त्यावर. उत्तरेकडच्या गाळ्याचं लोखंड मात्र सोमवारशिवाय येत नाही. तोवर काय करणार इथे बसून? घरी जा, नातीला खेळव."

"सोमवारी सहाला येतो."

"ये की."

त्या दिवशी मधल्या गाळ्याची शेवटची गाठ सीफसने बांधली. बांधून झाल्यावर टोपी काढून त्याने जाळीला सलाम ठोकला. दर गाळ्याला तो ठोकायचा.

*

सोमवारी सहाला ते आले तेव्हा उत्तरेचा गाळा बांधून तयार होता.

दक्षिणेच्या गाळ्यासारखंच आता मधल्या गाळ्यावरही काँक्रीट पडलेलं, वर ओली गोणपाटं अंथरलेली. त्यापलीकडे कडेपासून कडेपर्यंत सळयांची नवी कोरी जाळी. कोपऱ्यात दोन हात पट्टा तेवढा गाठी न घालता मोकळा सोडलेला. सीफसने खांद्यावरची रीळ खाली ठेवली. व्हर्लीन चालत गेली, गुडघे धरत उकिडवी बसली आणि एका गाठीवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग पाच-सहा पावलं आत जाऊन आणखी एका.

"उजवा," ती म्हणाली.

डॉयल आला तो हसतच. "आखातात वादळ फिरतंय, व्हर्लीन. बातम्या ऐकत नाहीस? गुरुवारपर्यंत स्लॅब झालाच पाहिजे. तुम्हा चौघांच्या हातांची वाट बघत बसलो असतो तर नाताळ उजाडला असता."

"लोखंड आलं नव्हतं म्हणालात."

"आलं शुक्रवारी. नशीब म्हणायचं."

"फोन करायचा होता. शुक्रवारी आलो असतो. रविवारीसुद्धा आलो असतो."

"रविवारी? चर्च सोडून?" तो पेल्यात थुंकला. "माझी अकरा माणसं मोकळी होती, घातली कामाला. तुझं काय बिघडलं त्यात? ठरलेलं सगळं मिळणार तुला. घरी बसल्या मिळणार." त्याने गाडीतून कागद काढला आणि बॉनेटवर ठेवला. "तिन्ही गाळे मॅब्रींनी बांधले, एवढंच लिहिलंय. सही कर."

"हा आम्ही नाही बांधला."

"अगं, माहितीय मला."

"मग सोडतो आणि परत बांधतो," डेसा मध्येच म्हणाली. "दोन दिवस द्या. चौघं आहोत, अजून दोघं आणतो."

डॉयलने तिच्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग शर्टाकडे. "इंजिनियरने काल संध्याकाळीच पास केलंय लोखंड. आता त्याला कुणी हात लावायचा नाही. तू बाळाकडे बघ, बाय." मग आवाज खाली आणून व्हर्लीनला म्हणाला, "केन क्रीकच्या पुलावर तरी कुठे तू बांधलं होतंस? तेव्हा केलीस ना सही?"

व्हर्लीनचा चेहरा डेसाने आजवर तसा पाहिला नव्हता. कुणीतरी आतून दिवा काढून न्यावा तसा.

तिने सही केली. बॉनेट तापलं होतं, मनगट टेकवेना. पेन उमटेना म्हणून डॉयलने दुसरं दिलं. घामाने कागदावर तळव्याचा डाग पडला, तो त्याने रुमालाने टिपून घेतला.

"आणि ऐक," कागद घडी करत तो म्हणाला. "परवा राजधानीतून तपासनीस बाई येतेय. तुमच्यासारख्यांची कामं खरंच तुम्हीच करता का ते बघायला. फार खडूस आहे म्हणे, हात बघते. शेजारच्या जिल्ह्यात एकाला नुसत्या गाठींवरनं पकडलं. तो कोपरा मी मोकळा ठेवलाय, तिथे बांधून दाखवा चार गाठी. पण तो तुमचा उलटा पीळ नको. तुमचं बाकी सगळं काँक्रीटखाली गेलंय, उघडं आहे ते एवढंच. त्याच्याशी जुळलं पाहिजे. दोन दिवस आहेत, हात सरळ करून घ्या."

*

मंगळवारी दिवस कलताना व्हर्लीनने घराच्या ओसरीच्या कठड्याला सळयांचे तुकडे उभे-आडवे लावले आणि तिघांना समोर बसवलं. आत गॅसवर कोलार्डची पालेभाजी रटरटत होती, डुकराच्या हाडाचा वास ओसरीपर्यंत येत होता. होझिया झुलत्या खुर्चीत, नोला त्याच्या पोटावर झोपलेली.

"पकड उजव्या हातात. तार इकडून. आणि अशी फिरवायची."

ल्यूटीआत्याची तार तिसऱ्यांदा तुटली. "साठीला आलेल्या बाईला आता चमचा कसा धरायचा ते शिकवते आहेस."

"शिक."

"तुझ्या बापाने शिकवलं असतं असं?"

"ल्यूटी, फिरव."

सीफसच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच्या काळी करवतीत गेलेली. पकड त्याच्या हातात राहीचना. तिसऱ्या वेळी पडली तेव्हा त्याने ती उचलून कठड्यावर ठेवली. "मी उद्या आजारी असेन, व्हर्लीन. पोटात दुखेल माझ्या." टोपी घालून तो निघून गेला. फाटकाशी मात्र त्याने वळून पाहिलं नाही, एरवी पाहायचा.

डेसाला जमलं. पहिल्या दहा गाठी वाकड्या, पुढच्या दहा बऱ्या. पन्नासाव्या गाठीला हात असा चालू लागला की जणू उजवीकडे पिळतच लहानाची मोठी झाली. तर्जनीला तार नव्या जागी लागत होती, तिथे फोड आला आणि फुटला. व्हर्लीन पाठीशी येऊन उभी राहिली.

"छान येतंय तुझं," ती म्हणाली. पण आवाज छान म्हणण्याचा नव्हता.

"माय, केन क्रीकचं काय?"

व्हर्लीन पायरीवर बसली. भाजी करपू लागल्याचा वास आला, ती उठली नाही. ल्यूटीआत्या आत गेली आणि तिने गॅस बंद केला.

"तुझा बाप दवाखान्यात होता. नळ्या लावलेल्या. डॉयल तिथे आला, तळलेली कोंबडी घेऊन. सगळ्या नर्सनासुद्धा वाटली त्याने. म्हणाला, तुझ्याच्याने आता काम व्हायचं नाही, पण माझं काम अडतंय, तुझ्या त्या दोन पाट्या दे आठवडाभर. नुसत्या पाट्या." तिने एप्रनचं टोक धरलं होतं, ते ती पिळत होती. डावीकडे. "आपल्याकडे कुणी दाराशी येऊन काही मागितलं, खोरं म्हण, शिडी म्हण, आपण नाही म्हणतो कधी? अडल्या माणसाला वस्तू द्यायची आणि परत आली की पुसून ठेवायची, हेच बघत वाढले मी. पाट्या दिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक कागद आला. त्यावर सही केली."

"त्यांच्या गाड्यांवर आपलं नाव लावून..."

"हो."

होझियाच्या घशातून आवाज आला. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला बोलायचं होतं, पण ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ तेवढी आली. व्हर्लीनने उठून ती पुसली.

"फिरव," ती डेसाला म्हणाली. "अजून पन्नास."

*

बुधवारी सकाळी तपासनीस बाई आली. नाव गॅस्किन. त्यांच्यासारखीच काळी, पन्नाशीची, केस बारीक कापलेले. डोक्यावरचं हेल्मेट नवं, पण पायातले बूट जुने आणि खरोखरीच्या चिखलाचे. डॉयल पुढे होऊन ओळख करून देऊ लागला तसा तिने हात वर केला.

"तुम्ही जरा तिकडे थांबा. मला मॅब्री बाईंशी बोलायचंय."

मॅब्री बाई. त्या पुलावर व्हर्लीनला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ल्यूटीआत्याने डेसाच्या कुशीत बोट खुपसलं.

गॅस्किन बाईंनी विचारलं, या पकडी कुणाच्या? आमच्या. तारेच्या रिळा? आमच्या. ती निळी गाडी? माझ्या नावावर आहे. कामावर कधी यायचं हे कोण सांगतं? व्हर्लीन थांबली. "डॉयल साहेब लोखंडाचं सांगतात. माणसांना मी सांगते." बाई लिहीत गेल्या. वारा सुटला होता. दक्षिणेकडे आभाळ मळकट झालं होतं, गोणपाटांची टोकं फडफडत होती.

"आता प्रत्येकीने चार-चार गाठी बांधून दाखवा. फोटो लागतो मला."

ल्यूटीआत्या आधी वाकली. पुटपुटत, दात चावत तिने चार गाठी घातल्या. एक सैल राहिली, पण पीळ उजवा होता. मग डेसा. तार ओढली, वर काढली, पिळली, कापली. एक, दोन, तीन, चार. शेजारच्या शेकडो गाठींत मिसळून गेल्या, तिच्या तिलाही ओळखू येऊ नयेत अशा.

"किती वर्षं करताय तुम्ही हे?" गॅस्किन बाईंनी कौतुकाने विचारलं.

"सोळाव्या वर्षापासून."

"दिसतंय. हात बसलाय अगदी." कॅमेरा खटकन वाजला. थोडं लांब उभ्या डॉयलने बिया तोंडात टाकल्या.

व्हर्लीन पुढे आली. पकड उजव्या हातात होती. ती वाकली, तार फुलीखाली घातली आणि तशीच राहिली. खाली झाडाखालून नोलाच्या रडण्याचा आवाज आला. डेसाच्या छातीत कळ उठली, शर्ट ओला झाला. या वेळी तिला तो झाकायचं सुचलं नाही, कारण ती आईच्या हाताकडे बघत होती.

व्हर्लीनने पकड डाव्या हातात घेतली.

एक गाठ. दुसरी. चार झाल्या, बाई "पुरे" म्हणाल्या, ती थांबली नाही. मोकळा सोडलेला अख्खा पट्टा ती कडेपर्यंत बांधत गेली. प्रत्येक गाठीनंतर तारेचा तुकडा टिचकन तुटायचा, तेवढाच आवाज. मग ती कठड्याच्या सळईला धरून सावकाश उभी राहिली.

गॅस्किन बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाकून व्हर्लीनच्या गाठी पाहिल्या. मग डेसाच्या. मग आतल्या.

"मॅब्री बाई, तुम्ही नेहमी असंच बांधता?"

"पस्तीस वर्षं."

"आणि तुमची माणसं?"

"मीच शिकवलंय त्यांना. ती पण असंच बांधतात. आत्ता बघितलंत ते काल संध्याकाळी शिकवलं."

"मग हा गाळा?"

"हा आमचा नाही. ते दोन आमचे आहेत, गोणपाटाखाली. ते आता दिसायचे नाहीत."

"व्हर्लीन!" डॉयल ओरडला. पेला त्याच्या हातातून सांडला, टरफलं सळयांमधून खाली गेली.

"आणि केन क्रीकचा पूलही आमचा नाही," व्हर्लीन म्हणाली. "नाव आमचं होतं. मी सही केली होती. परवाच्या कागदावरही केलीय."

गॅस्किन बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या, घरच्या माणसाशी बोलावं तसं. "बाई, तुम्ही मला हे सांगितलंत, म्हणजे मला लिहावं लागणार. सगळं. फक्त त्यांचं नाही. तुमची सही आहे, तुमचंही लिहावं लागणार. कळतंय ना?"

"लिहा."

"थोडा विचार करा. मी गाडीत जाऊन पाणी पिऊन येते."

"पाणी प्या," व्हर्लीन म्हणाली. "पण लिहा."

परतताना गाडी व्हर्लीन चालवत होती. पूल नव्हता म्हणून एकोणीस मैलांचा वळसा, दोन्ही बाजूंनी वेलींनी गिळलेली झाडं. डेसा पोरीला पाजत होती. बारा-तेरा मैल गेल्यावर तिला राहवलं नाही.

"तुला खरंच बोलायचं होतं तर आम्हाला कशाला शिकवलंस? माझा हात वळवलास. फोड बघ माझा. सगळं नीट झालं होतं, माय. तिने 'हात बसलाय' म्हटलं होतं!"

व्हर्लीनने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तेच ऐकलं मी," ती म्हणाली. "इतकं सफाईने करत होतीस तू. थांबली नाहीस, चाचरली नाहीस. ते बघितलं, आणि मग माझा हात चालेना."

डेसाने खिडकीकडे तोंड केलं. होझियाने आपला चालता हात उचलून गिअरवरच्या व्हर्लीनच्या हातावर ठेवला. गिअर बदलायची वेळ आली, बदलता येईना, गाडी तशीच कुंथत चढ चढली.

*

वादळ दुसरीकडे वळलं. ओकाटीला पाऊससुद्धा आला नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं. दाखला रद्द. परत अर्ज करायचा तर पाच वर्षांनी. कंपनीलाही पत्र गेलं होतं म्हणे. कंपनीने उत्तरात कळवलं की पोटठेकेदाराने आमची दिशाभूल केली, यापुढे आम्ही काळजी घेऊ. त्यांना समज मिळाली. व्हर्लीनने भिंतीवरची काच उतरवली, दाखला काढून पाकिटात घातला. रिकामी काच पुन्हा तिथेच टांगली, कारण खिळा रिकामा बरा दिसत नव्हता.

डिसेंबरात पूल सुरू झाला. फीत कापायला आलेल्यांत डॉयलही होता. रविवारी चर्चला जाताना निळी पिकअप पहिल्यांदा त्यावरून गेली. दोन गाळ्यांच्या सांध्यावरून गाडी गेली की चाकाखाली धप्प वाजायचं. दक्षिणेकडून चढले.

"हा माझा," ल्यूटीआत्या मागून म्हणाली. धप्प. "हाही माझा." धप्प. मग ती काही बोलली नाही, पलीकडचा किनारा येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

तो हिवाळा कोंबड्यांच्या कारखान्यात गेला. डेसाचा नवरा लेमार तिथेच होता, त्याने शब्द टाकला. थंड खोलीत आठ-आठ तास पंख कापायचे. व्हर्लीनची बोटं सकाळी मिटायची नाहीत, गरम पाण्यात धरून ती मिटवावी लागायची. सीफसने काम सोडून दिलं. फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात ल्यूटीआत्याने पकड सरकवली आणि पाद्र्याला सांगितलं, बघू नका.

एप्रिलात फोन आला. आवाज बाईचा, गोड. "मी कॅरोलिन सॅटरफील्ड. माझी सळई बांधणीची कंपनी आहे, नवीनच सुरू केलीय, बायकांच्या वाट्याचा दाखलाही मिळालाय. तीस मैलांवर पूल निघालाय. तुमच्याइतके चांगले हात या भागात दुसरे नाहीत असं माझे मिस्टर, डॉयल, म्हणतात. रोजंदारीवर याल?"

व्हर्लीनने फोन कानाशी धरून खिडकीतल्या ढेकळाकडे पाहिलं. मग आपल्या बोटांकडे.

"मी, माझी मुलगी आणि नणंद. तिघी."

"वा! आणि तुमची गाडी पण घेऊन याल ना? तपासनीस गाड्या बघतात ना हल्ली."

सोमवारी सहाला त्या पोचल्या. होझिया पुढच्या सीटवर होता. नोला आता दाराला धरून उभी राहत होती. कॅरोलिन बाई दुधाळ रंगाचं हेल्मेट घालून उभ्या होत्या, पायात कापडी बूट. त्यांच्या हातात स्वतःच्या नावाच्या दोन पाट्या. त्यांनी एक पुढे केली, पण ती कशी लावायची ते त्यांना समजेना. कोपरा दुमडला आणि मध्ये हवा राहिली.

"द्या इकडे," व्हर्लीन म्हणाली.

विटलेल्या दारावर जुन्या पाटीचा चौकोन तसाच होता, नव्यासारखा निळा. हिवाळाभर पाट्या पलंगाखाली होत्या, तरी त्या चौकोनाने अजून रंग सोडला नव्हता. व्हर्लीनने नवी पाटी त्यावर ठेवली. ती चार बोटं आखूड भरली. डावीकडे सरकवली तर उजवीकडे निळं दिसायचं, उजवीकडे घेतली तर डावीकडे. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, पाटी दोन्ही हातांनी धरून, कुठलं टोक झाकावं ते ठरवत. मग तिने ती बरोबर मध्ये बसवली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं निळं राहिलं. तळव्याने दाबत दाबत तिने सगळी हवा बाहेर काढली, आपली बसवायची तशीच, एकही फुगा राहू नये म्हणून.

"आता पडायची नाही," ती कॅरोलिन बाईंना म्हणाली. "पण शनिवारी काढून पुसायला लागेल. ते मी करीन."

नोलाने दाराला धरून एक पाऊल टाकलं आणि त्या निळ्या पट्टीवर तळवा ठेवला. तिला उचलून होझियाच्या हातात देईपर्यंत डेसा तिथे थांबली. मग तिने रीळ उजव्या कमरेला अडकवली, पकड डाव्या हातात घेतली आणि आईच्या मागोमाग ती सळयांवर चढली.